गावठाणातलं घर, रस्त्याकडेचा प्लॉट

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मागच्या महिन्यात येडशीच्या तीन-चार बचत गटांच्या बैठकीला बसले होते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि मग चहाच्या वेळी गप्पा निघाल्या त्या जागेच्या भावाच्या. एक जण म्हणाली, गावात घर घ्यावं. दुसरी म्हणाली, त्याच पैशात हायवेकडं प्लॉट बघ. तिसरी म्हणाली, आता सगळे धाराशिवला चाललेत, इथं पैसा अडकवून काय करायचं? सगळ्यांकडं आकडे होते, पण एकीचा आकडा दुसरीला लागू पडत नव्हता. कारण एक बोलत होती खणावर, एक गुंठ्यावर आणि एक फुटावर. म्हणून आज ठरवलं, याच विषयावर बोलायचं. शेजारशेजारच्या दोन जागांचा भाव एकमेकींशी लावून बघायचा तर कसा बघायचा.

पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडं जुनं घर खणावर सांगतात. पाच खणाचं घर, सात खणाचं घर. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. ती एका घरात लहान, दुसऱ्यात मोठी. त्यामुळं खणावरून भाव काढता येत नाही. जमीन गुंठ्यावर सांगतात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, आणि 40 गुंठ्यांचा एक एकर. दलाल बोलतो चौरस फुटावर. आणि सरकारचा दर असतो चौरस मीटरवर. एक चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट. इथंच पुष्कळ जणींची फसगत होते. सरकारी तक्त्यात 2150 रुपये लिहिलेले दिसले की वाटतं, बाप रे, इतका भाव! पण तो मीटरचा. फुटाला आणलं तर जेमतेम 200 रुपये होतात. तेव्हा आधी दोन्ही जागा चौरस फुटावर आणा. टेप घेऊन स्वतः लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा. मोबाईलमध्ये कॅलक्युलेटर आहेच, लेकीला करायला लावा.

माप एक झालं की घराचे दोन तुकडे करायचे, कागदावर. खालच्या जागेची किंमत वेगळी आणि वरच्या बांधकामाची वेगळी. आपल्या गावठाणात अजून माळवदाची घरं आहेत. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकूड आणि मातीचा पेंड. उन्हाळ्यात गार असतात, मला स्वतःला फार आवडतात. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात काय झालं ते आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं, याच्याखालीच माणसं गेली. तेव्हापासून घेणारा माणूस माळवदाच्या घराला बांधकाम म्हणून फारसे पैसे मोजत नाही. तो म्हणतो, मी पाडूनच बांधणार. म्हणजे तुमच्या सात खणाच्या वाड्याची किंमत त्याच्या दृष्टीनं फक्त खालच्या जागेची. उलट त्याला पाडायचा खर्च येतो, तोही तो वजा करून मागतो. लाकूड सागाचं असेल तर त्याचा भाव मात्र वेगळा ठरवून घ्या, ते घरासोबत फुकट देऊ नका.

आता भाव शोधायचा कुठं? पारावर मिळतो तो भाव ऐकायचा, पण धरायचा नाही. विकणारा चढवून सांगतो, घेणारा पाडून सांगतो आणि मधला दोघांना दोन सांगतो. खात्रीच्या जागा दोन आहेत. एक म्हणजे सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात. तो नोंदणी व मुद्रांक विभाग काढतो, नवे दर 1 एप्रिलपासून लागतात. दरवर्षी वाढतातच असं नाही. 2022 ला वाढले, मग दोन वर्षं तसेच ठेवले आणि 2025 च्या एप्रिलला पुन्हा वाढवले. यात गावठाणातल्या जागेचा दर वेगळा, शेतजमिनीचा वेगळा, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या जमिनीचा वेगळा. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फुकट बघायला मिळतो.

पण हा दर कशासाठी आहे हे ध्यानात घ्या. तो मुद्रांक शुल्क बसवण्यासाठी आहे. तुमचा सौदा आणि हा दर, दोन्हींपैकी जो आकडा जास्त, त्यावर शुल्क लागतं. बाजारात प्रत्यक्ष भाव याच्या वर असू शकतो आणि पडक्या बोळातल्या जागेचा खालीही असू शकतो.

दुसरी जागा म्हणजे सूची क्रमांक 2, इंडेक्स टू. खरेदीखत नोंदलं की त्याची ही एक पानी नोंद होते. कुणी विकलं, कुणी घेतलं, किती जागा, किती रुपये. ती कुणालाही बघता येते. तुमच्या गटाच्या किंवा गल्लीच्या आजूबाजूला गेल्या दोन-तीन वर्षांत झालेले तीन-चार व्यवहार काढा. एक व्यवहार बघून चालत नाही, तो भावकीतला असू शकतो, अडलेल्या माणसाचा असू शकतो. तीन-चार बघितले की अंदाज येतो. फक्त एवढं लक्षात असू द्या की कागदावर पुष्कळदा कमी रक्कम लिहितात आणि बाकीची हातात देतात. हे बायकांना फार महागात पडतं. कागदावरच्या रकमेचा वाटा मागता येतो. पिशवीतून गेलेल्या रकमेचा वाटा कोण दाखवणार आणि कुणाकडं मागणार? उद्या बँकेचं कर्ज काढायचं म्हटलं तर बँकही कागदच बघते.

आणि हो, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर घराची एक किंमत लिहिलेली असते. ती घरपट्टी बसवण्यासाठी काढलेली असते, तिला बाजारभाव समजू नका. तसाच तो उतारा मालकीचा पुरावाही नाही, कर कुणाच्या नावावर आहे एवढंच तो सांगतो. शिवाय तलाठ्याकडचा 8-अ निराळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हीत आठ आहे म्हणून घोटाळा होतो. गावठाणातल्या घराला मालकीचा नीट कागद आता स्वामित्व योजनेतून मिळतोय. ड्रोननं गावठाण मोजायचं आणि प्रत्येकाला मिळकत पत्रिका द्यायची, अशी ही योजना. याचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला, आणि एप्रिल 2021 ला ती देशभर सुरू झाली. तुमच्या घराची पत्रिका निघाली असेल तर त्यावर नाव कुणाचं लागलंय, क्षेत्र बरोबर आहे का, बघून घ्या. पत्रिका असलेलं घर आणि नुसत्या नमुना 8 वरचं घर, शेजारी-शेजारी असली तरी भावात फरक पडतो. नमुना 8 वर कर्ज द्यायला बऱ्याच बँका कां-कूं करतात, म्हणून घेणारा फक्त रोख पैसेवाला उरतो आणि तो पाडून मागतो.

आता ज्या ताईमुळं हे सगळं बोलावंसं वाटलं तिची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. माहेर इथलंच, दिलेली लातूरकडं. वडील गेले, आई आधीच गेलेली. मागं दोन भावंडं, ही आणि तिचा भाऊ. वडिलांच्या नावावर दोन जागा. गावठाणात एक गुंठ्याचं जुनं माळवदाचं घर आणि रस्त्याकडेला एक गुंठ्याचा बिनशेती प्लॉट. भाऊ म्हणाला, ‘ताई, तू घर घे, मी प्लॉट घेतो. दोन्ही गुंठा-गुंठाच आहेत. उलट तुला बांधलेलं घर मिळतंय, मला नुसती माती. हक्कसोडावर सही कर.’ बोलणं गोडच होतं. भाऊ वाईट आहे असं तीही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण तिनं बैठकीत विचारलं, ‘खरंच सारखं आहे का हो हे?’

चला, हिशेब करू. आकडे मी हिशेबापुरते धरते, हा येडशीचा भाव म्हणून कुणी गावभर सांगू नका. समजा गावठाणात फुटाला 500 रुपये आणि रस्त्याकडेला 1200. माळवद पाडायचंच म्हणून बांधकामाची किंमत शून्य. मग घराची जागा झाली 1089 गुणिले 500, म्हणजे 5 लाख 44 हजार 500. प्लॉट झाला 1089 गुणिले 1200, म्हणजे 13 लाख 6 हजार 800. दोन्ही मिळून 18 लाख 51 हजार 300. प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवेत 9 लाख 25 हजार 650. म्हणजे भावानं प्लॉट घेतला तर बहिणीला घरासोबत वर 3 लाख 81 हजार 150 रुपये द्यायला हवेत. गुंठ्याला गुंठा सारखा दिसतो, पण त्याच्या पोटात पावणेचार लाखांहून जास्त फरक दडलेला.

थांबा, इतक्यात भावाला बोल लावू नका. आता प्लॉटवर जाऊन बघू. मोठ्या रस्त्याकडेला बांधायचं तर रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. समजा त्यात प्लॉटचा तिसरा भाग गेला. मग बांधायला उरले 726 फूट, आणि घेणारा तेवढ्याचेच पैसे देतो म्हटलं तर प्लॉट आला 8 लाख 71 हजार 200 वर. एकूण झाले 14 लाख 15 हजार 700, निम्मे 7 लाख 7 हजार 850. बहिणीला वर मिळायचे ते उरले 1 लाख 63 हजार 350. बघा, पावणेचार लाखांचे पावणेदोनसुद्धा राहिले नाहीत. आणि प्लॉटला रस्त्यावरून आत उतरायला वाटच नसेल, मध्ये दुभाजक असेल, सेवा रस्ता नसेल, तर दुकानासाठी म्हणून धरलेला 1200 चा भावही टिकत नाही. म्हणून मी तिला सांगितलं की आकड्यावर भांडण नंतर, आधी मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकायचा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागायचा, सोडायची जागा किती ते लिहून घ्यायचं. भावालाही सोबत न्यायचं.

कायद्यानं तिचा वाटा भावाइतकाच आहे. वडिलांची स्वकष्टाची मिळकत असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी, आई सगळ्यांना सारखा हिस्सा. यांची आई हयात असती तर तीन वाटे झाले असते, हे सासूबाईंच्या बाबतीतही आठवा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलासारखाच हक्क. आपल्या राज्यानं तो 1994 ला दिला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या होत्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच हवे होते असं काही नाही. हक्कसोड करायला कुणाचीच ना नाही. बहिणीनं राजीखुशीनं सोडलं तर तो तिचा मोठेपणा. पण काय सोडतेय त्याचा आकडा तिला माहीत असायला पाहिजे. पावणेचार लाख सोडले हे कळून सोडणं वेगळं, आणि साडी-चोळीवर सही करून दहा वर्षांनी कळणं वेगळं. ताईची वाटणी अजून झालेली नाही. मोजणीचा अर्ज गेला आहे, आणि भाऊ रुसला असला तरी परवा मोजणीच्या फीचे निम्मे पैसे त्यानंच भरले.

आता येडशी की धाराशिव, या दुसऱ्या प्रश्नाकडं येते. अंतर वीसेक किलोमीटरचं. तिथं जिल्ह्याची सगळी कार्यालयं, न्यायालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पोरांचे क्लास. भाव जास्त असणारच. येडशीलाही सोलापूर-धुळे महामार्ग आहे, बार्शी-लातूर रस्ता आहे, रेल्वे स्टेशन आहे. ही तीच जुनी बार्शी लाईट रेल्वे, बायकांच्या तोंडात अजून ‘लहान गाडी’ असते ती. ती मोठी झाली तेव्हा रस्त्याकडच्या जागांना जशी किंमत आली तशी आत बोळातल्या जागांना आली नाही. सांगायचं असं की ‘येडशीचा भाव’ असा एक भाव नसतोच, तसाच ‘धाराशिवचा भाव’ही नसतो. शहराच्या पार कडेला, नळ नाही, गटार नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, अशा प्लॉटवर शहराचा भाव मागतात. आपल्या भागात पाणी आधी विचारा. शहराला उजनीवरून पाणी येतं खरं, पण तुमच्या त्या गल्लीपर्यंत नळ आलाय का? टँकर घ्यावा लागत असेल तर वर्षाचा टँकरचा खर्च त्या घराच्या किमतीत मिळवा.

एका मैत्रिणीला मुलीच्या कॉलेजसाठी धाराशिवला घर घ्यायचं होतं. पुन्हा हिशेबापुरते आकडे. समजा तिथलं घर इथल्यापेक्षा सहा लाखांनी महाग. ते सहा लाख कर्ज काढून आणायचे, व्याज नऊ टक्के. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच 54 हजार. आता दुसरी बाजू. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. समजा अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन 40 रुपये लागले, महिन्याचे 25 दिवस, तर हजार रुपये महिना, 12 हजार वर्षाला. मुलगी बारावीपर्यंत शिकत असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत पासही फुकट. आकड्यानं बघितलं तर येडशीच बरी. पण बस वेळेवर येते का, संध्याकाळी सातला मुलगी फाट्यावर एकटी उभी राहते का, हे आकड्यात कसं बसवायचं? ते ज्या आईनं त्या फाट्यावर वाट बघितलीय तिनंच ठरवावं. माझ्या मैत्रिणीनं घर घेतलं नाही, दोन वर्षांसाठी एक खोली भाड्यानं घेतली. मला तो निर्णय पटला. भाडं जातं म्हणून लोक हळहळतात, पण व्याजही जातंच की.

स्वस्त प्लॉटबद्दल दोन शब्द. गावाबाहेर शेतात फक्की मारून दोन-दोन गुंठे विकतात, भाव गावठाणाच्याही खाली सांगतात. तो स्वस्त का आहे ते विचारा. 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. 2023 ला आपल्याकडं किमान क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. त्याखालच्या तुकड्याचं खरेदीखत सरळ होत नाही, म्हणून बाँडवर नोटरी करून देतात. नोटरी म्हणजे खरेदी नव्हे. 2025 ला सरकारनं या नियमात काही सवलत दिली आहे, पण ती तुमच्या गटाला लागू आहे का हे विकणाऱ्याला नाही, तहसीलला आणि दुय्यम निबंधकाला विचारा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असेल तर महसूल कायद्याच्या कलम 42-ड खाली कर भरून बिनशेती करून घेता येते. त्यामुळं 200 मीटरच्या आतली आणि बाहेरची, एकाच बांधाच्या अलीकडची-पलीकडची जमीन, भावात वेगळी पडते. रामलिंगच्या बाजूला घेत असाल तर अभयारण्याची हद्द कुठून जाते ते वनविभागाकडून कळवून घ्या, झाडी बघून भुलू नका.

शेवटी खर्चाचं. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क तीन टक्के, जिल्हा परिषदेचा एक टक्का, आणि नोंदणी फी एक टक्का, ती 30 हजारांच्या वर जात नाही. नगरपालिका हद्दीत शुल्क यापेक्षा जास्त. शहराला लागून असलेली काही गावं प्रभाव क्षेत्रात धरतात, तिथंही जास्त लागू शकतं. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 एप्रिल 2021 पासून एक टक्का माफ आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचले. आधी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती अट 2023 ला काढली. पण नीट ऐका. नवऱ्याचं नाव सोबत घातलं तर ही सवलत नाही. आणि ती राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. तेव्हा घर आणि प्लॉट यांची तुलना करताना हा एक टक्काही वहीत मांडा.

कागदावर जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद दिसलं तर घाबरू नका, 2023 च्या आधीच्या सगळ्या दस्तांवर तेच असणार. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा जुळतात का ते बघा. पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी मिळकत पत्रिका आली असेल त्यांनी तिची झेरॉक्स आणा, बरोबर टेपही आणा. जिच्या घराचं माप लिहिलेलं नाही तिच्या घरी आपण सगळ्या मिळून जाऊ आणि मोजू.